अडखळणारा व्हिडिओ

घरच्या लग्नाचं मोबाइलवरचं चित्रण तुम्ही हौसेनं संगणकावर जोडायला घेतलं, आणि सप्तपदी सुरू होताच चित्र अडखळू लागलं. घाबरू नका, मूळ चित्रण बहुधा शाबूत असतं.

जागा वाचावी म्हणून मोबाइल प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एखादी पूर्ण, बाकीच्यांत फक्त काय बदललं याची नोंद. त्यामुळे एक फ्रेम दाखवायला संगणकाला आजूबाजूच्या कितीतरी फ्रेम उलगडाव्या लागतात. त्यात फोर-के चित्रात फुल एचडीच्या चौपट ठिपके! जुना लॅपटॉप दमणारच. अशा वेळी प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, बनवून घ्या. केडेनलाइव्ह या व्हिडिओ जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही ही सोय आहे. कापाकापी हलक्या प्रतीवर करायची. शेवटचं रेंडर, म्हणजे पूर्ण व्हिडिओची फाइल तयार करणं, मात्र मूळ फाइलवरूनच होतंय ना, हे आवर्जून पाहा.

रेंडरनंतर चित्रात चौकोनी ठोकळे दिसतात? बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला मिळणारा डेटा, कमी पडला. फुल एचडीला, सेकंदाला ३० फ्रेमपर्यंत, यूट्यूब दर सेकंदाला ८ मेगाबिट सुचवतं; जपून ठेवायच्या प्रतीला मी त्याच्या दुप्पट ठेवतो. फ्रेम रेट मूळ चित्रणाइतकाच असू द्या. ३० चे २५ केले की चालणारी माणसं धक्के खात चालतात.

तयार व्हिडिओ नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तो दाबला जाणार नाही. आणि मूळ फाइली पुसू नका. दुसऱ्या डिस्कवर आजच उतरवून ठेवा.