आळसाला अर्धा तास

आपण बायका जरा निवांत टेकलो आणि दारात पाऊल वाजलं, की पटकन लसूण सोलायला घेतो. नाहीतर लोक आळशी म्हणतील ना! सरकारच्या २०१९च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. शेतातलं, मजुरीचं काम वेगळंच. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. नागपंचमीला आपणही तवा ठेवत नाही, झोके घेतो. पण त्यासाठी वर्षभर थांबायचं का? आमच्या गटात आम्ही ठरवलंय, दुपारी अर्धा तास पाय पसरून बसायचं, हातात काम घ्यायचं नाही. तेवढ्यात कुणाला चहा हवा असेल, तर चूल त्यांनाही दिसते. "काय करताय?" कुणी विचारलंच, तर बिनधास्त सांगायचं, "काही नाही!"