मूळ संहिता आणि सिद्ध पॅकेज



छापील ग्रंथ वाचकाच्या हाती येतो, तेव्हा त्यामागील हस्तलिखित त्याच्या दृष्टीआड असते. संगणकाच्या आज्ञावलींचेही तसेच आहे. मनुष्याला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला असतो तो ‘सोर्स कोड’. ‘कंपायलर’ त्याला यंत्राच्या भाषेत उतरवतो आणि हे यंत्ररूप सहजी वाचता येत नाही. म्हणून त्याच्या मुळाशी कोणती संहिता आहे, हा प्रश्न अखेर विश्वासाचा ठरतो.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. आरंभीच्या काळात वापरणाराच मूळ संहितेचा गठ्ठा, म्हणजे ‘टारबॉल’, उलगडून आज्ञावली सिद्ध करी. परंतु तिच्या फायली संगणकात कोठे कोठे गेल्या, याची नोंद राहत नसे. ती काढून टाकणेही जिकिरीचे होई. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी आरंभिलेल्या डेबियनने आणि १९९५ मध्ये रेड हॅटच्या ‘आरपीएम’ने या कामाला शिस्त लावली.

ही शिस्त जाणत्या संपादकाची आहे. मूळ टारबॉलला हात लावायचा नाही. आपल्या दुरुस्त्या ‘पॅच’ म्हणून वेगळ्या ठेवायच्या. डेबियनमध्ये ‘कंट्रोल’ फायलीत नाव व अवलंबित्वे, ‘रूल्स’मध्ये बांधणीची कृती आणि ‘चेंजलॉग’मध्ये बदलांचा इतिहास असतो, आरपीएममध्ये हे सारे एका ‘स्पेक’ फायलीत येते. सिद्ध फायली प्रथम तात्पुरत्या जागी मांडून मग पॅकेजात बांधल्या जातात. बांधणी कोऱ्या परिसरात केली, की नोंदवायचे राहून गेलेले अवलंबित्व लगेच उघडे पडते.

एवढी दक्षता असूनही मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या संक्षेपन-साधनात घातक संहिता आढळली. दीर्घकाळ काम करून विश्वास संपादन केलेल्या एका सहव्यवस्थापकाच्या नावाने ती आली होती. तिला चालना देणारा भाग सार्वजनिक भांडारात नव्हता. तो केवळ प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये होता. दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या धाग्यावरून आंद्रेस फ्रॉइंड यांनी तिचा माग काढला. त्यामुळे डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ती पोहोचली नाही.

डेबियनमध्ये २०१३ पासून ‘पुनरुत्पादनीय बांधणी’चा प्रयत्न चालू आहे. त्याच संहितेतून, त्याच साधनांनी, कोणीही बांधणी केली तरी तेच पॅकेज तंतोतंत निघावे, हा त्याचा हेतू. मात्र त्याने टारबॉल आणि पॅकेज यांचेच नाते सिद्ध होते. टारबॉल आणि भांडारातील संहिता यांचा मेळ स्वतंत्रपणे पाहावा लागतो.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात पोथ्यांतील पाठभेद ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ताडून पाहण्याचा तोच धर्म येथेही आहे. संहिता सर्वांसाठी खुली असणे हे मोठेच औदार्य. पण ती उघडून पाहणारा वाचक लाभला, तरच ते सार्थकी लागते.