लोकलचा प्रवास आणि आपली मुले
(पालक सभेत केलेले भाषण)



दहावी झाली की कॉलेज दूर पडते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, राहणे कुठेही असो, लोकल चुकत नाही. मग पुष्कळ घरांत मुलाला पास मिळतो आणि "गाडीत गर्दी फार" म्हणून मुलीचे शिक्षण थांबते. भीती खोटी नाही, पण हा उपाय नव्हे.

जानेवारी 2014 मध्ये घाटकोपर स्थानकावर गाडीत चढताना एक सोळा वर्षांची विद्यार्थिनी फलाट व गाडी यांच्या फटीत पडली. तिचे दोन्ही हात गेले. फलाटांच्या उंचीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गाजला आणि अनेक फलाट उंच झाले. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्या शेजारून जाताना दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले. काहींचे प्राण गेले. बंद दारांची वातानुकूलित लोकल 25 डिसेंबर 2017 पासून धावू लागली. पण तिचे भाडे जास्त, म्हणून आपली बहुतेक मुले अजून उघड्या दारांच्या गाडीनेच जातात. सुधारणा मागत राहणे हा आपला हक्क आहे. तोवर सावध राहणे आपल्या हाती आहे.

विद्यार्थी मित्रांनो, ताशी 80 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात 22 मीटर येते. शंभर मीटरवर दिसलेली गाडी पाच सेकंदांच्या आत तुमच्यापाशी पोचते. म्हणून रूळ ओलांडू नका, पुलावरूनच जा. सुटलेल्या गाडीमागे धावू नका. दारात उभे राहू नका. पाठीवरची बॅग पुढे घ्या, ओढणी आवरून घ्या. डबा रिकामा वाटला तर पुढच्या स्थानकावर उतरून माणसे असलेल्या डब्यात बसा. कोणी त्रास दिला तर रेल्वेचा 139 किंवा लोहमार्ग पोलिसांचा 1512 हा क्रमांक फिरवा.

आता पालकांना एक विनंती. मुलगी घरी येऊन सांगते, "अम्मी, आज गाडीत एकाने त्रास दिला," आणि आपण म्हणतो, "उद्यापासून कॉलेज बंद!" त्रास देणारा मोकळा राहतो, शिक्षा मुलीला होते. पुढच्या वेळी ती गप्प बसते, आणि तिच्या गप्प बसण्यातच खरा धोका आहे. मुलाचेही तसेच. उशीर झाला म्हणून घरी बोलणी बसणार असतील, तर तो सुटती गाडी पकडणारच. मुलांनी खरे सांगावे, असे घरचे वातावरण ठेवा.

5 मे 1992 रोजी चर्चगेट–बोरिवली ही खास महिलांची लोकल सुरू झाली. बायकांनी घरी बसावे म्हणून नव्हे, त्यांना निर्धास्त जाता यावे म्हणून! पहिल्या आठवड्यात मुलीबरोबर स्वतः प्रवास करा. जिना, डबा, पोलीस चौकी दाखवा. मग तिला एकटी जाऊ द्या.

गाडी चुकली तर दुसरी येते. गेलेला जीव येत नाही, आणि बुडालेले शिक्षणही सहजासहजी परत मिळत नाही.