माजी सैनिकांचा दवाखाना आणि तासांचा हिशेब

सरकारने माजी सैनिकांसाठी काहीच केलं नाही, असं म्हणून टाळ्या घेणं सोपं आहे. पण ते खरं नाही. ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ 1 जुलै 2014 पासून लागू झालं. निवृत्त सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना 1 एप्रिल 2003 पासून चालू आहे. दुसऱ्या महायुद्धातले सैनिक आणि शॉर्ट सर्व्हिसचे अधिकारी आधी तिच्याबाहेर राहिले होते, त्यांनाही 2019 मध्ये आत घेतलं. महाराष्ट्राने 2020 मध्ये माजी सैनिकांना घरपट्टीत माफी दिली. म्हणजे कागदावर तरी कुणी हात आखडता घेतलेला नाही. असं असूनही आपल्या गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वर-हेदवीकडच्या एखाद्या पंचाहत्तरीच्या पेन्शनरासाठी किंवा सैनिकाच्या विधवेसाठी ईसीएचएसचं कार्ड बहुतेक वेळा कपाटातच राहावं, अशीच योजनेची रचना आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की पैशाची चणचण हे इथलं दुय्यम कारण आहे. योजना आखताना डोकी मोजली गेली. घरापासून दवाखान्यापर्यंत लागणारे तास कुणी मोजले नाहीत.

ईसीएचएसची पॉलिक्लिनिकं प्रथम 227 मंजूर झाली, 2010 मध्ये आणखी 199 ठरली. कुठे किती मोठं केंद्र द्यायचं, हे त्या भागातल्या माजी सैनिकांच्या संख्येवर ठरतं आणि त्यानुसार केंद्रांना ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. साताऱ्या-कोल्हापुराकडे गावंच्या गावं फौजेत गेलेली असतात, तिथे हा हिशेब जमतो. आपल्याकडे एका वाडीत एक पेन्शनर, पुढचा दोन डोंगर ओलांडून. त्यातून गुहागर तालुक्याच्या उत्तरेला वाशिष्ठीची खाडी, दक्षिणेला शास्त्रीची आणि पश्चिमेला समुद्र. रत्नागिरी गाठायची तर तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरा, नाहीतर मोठा वळसा घ्या. चिपळूण गाठायचं तर घाटाघाटाने एसटी. कुठेही गेलं तरी दिवस मोडतो. आता मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाचा विचार करा. गोळ्या साधारण महिनाभराच्या मिळतात, म्हणजे दर महिन्याला हाच प्रवास आला. तिथे पोचल्यावर एखादी गोळी शिल्लक नसली, तर ती बाहेरून विकत घ्यायची आणि बिल जोडून परताव्याची वाट पाहायची. औषधं वेळेवर न मिळणं आणि रुग्णालयांची बिलं रखडणं यांवर महालेखापरीक्षकांनी 2015 च्या अहवालात बोट ठेवलंच होतं. रखडलेल्या बिलांमुळे खाजगी रुग्णालयं कार्डावर उपचार द्यायला कां-कूं करतात, तो भाग निराळाच. छातीत कळ आली आणि माणसाला यादीत नसलेल्या रुग्णालयात न्यावं लागलं, तर 48 तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचं, असा नियम आहे. नियम वाजवी आहे. फक्त घरात म्हातारी एकटी आणि मुलगा मुंबईला, हे चित्र तो लिहिताना कुणाच्या डोळ्यांपुढे नसावं.

तासांचा हिशेब करता येतो का? अमेरिकेने केला आहे. तिथे 2018 च्या मिशन कायद्यानंतर 2019 पासून असं ठरलं, की माजी सैनिकाला साध्या उपचारासाठी सरासरी 30 मिनिटांपेक्षा आणि तज्ज्ञ डॉक्टरसाठी 60 मिनिटांपेक्षा जास्त गाडी चालवावी लागत असेल, तर त्याने बाहेरच्या डॉक्टरकडे जावं आणि पैसे तिथल्या माजी सैनिक खात्याने भरावेत. त्यामुळे सरकारी रुग्णालयांचा पैसा खाजगीकडे वाहतो, अशी टीका तिथे होते आणि ती गंभीर आहे. म्हणून ती व्यवस्था आहे तशी उचलून आणा, असं मी म्हणणार नाही. मोजण्याची पद्धत मात्र घेण्यासारखी आहे.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येईल : मूठभर माणसांसाठी नवं केंद्र कुठून काढायचं? नवी इमारत हवीच कुणाला! प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत, गुहागरला ग्रामीण रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी ईसीएचएसने ग्राह्य धरावी, गोळ्या तीन महिन्यांच्या द्याव्यात आणि त्या पोस्टाने घरी पाठवाव्यात. संरक्षण खात्याने मे 2021 मध्ये सुरू केलेल्या ‘सेहत’ सेवेमुळे फोनच्या पडद्यावर लष्करी डॉक्टर भेटतो. आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेने ती जोडून दिली, तर म्हाताऱ्या माणसाला मोबाईलशी झटापट करावी लागणार नाही. दुसरा आक्षेप खोट्या बिलांचा. पण फुगवलेली बिलं मोठ्या रुग्णालयांतून येतात. रक्तदाबाच्या गोळ्यांत चोरी करायला जागा किती?

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. शेतकऱ्याला आणि खलाशालाही दवाखाना लांबच आहे, मग सैनिकालाच वेगळी सोय का? एक तर 2003 नंतर निवृत्त होणाऱ्याला ईसीएचएसचं सदस्यत्व सक्तीचं आहे. शिपायापासून हवालदारापर्यंत 30,000 रुपये वर्गणी 2017 च्या अखेरीच्या आदेशाने ठरली आणि ती निवृत्तीच्या वेळीच कापून घेतली जाते. पैसे आधी घेतलेत, तर सेवा पोचवणं हा उपकार नव्हे. आणि हीच सोय आरोग्य केंद्रातून दिली, तर संरक्षण खात्याचा पैसा त्याच केंद्रात येईल. खलाशाच्या बायकोलाही तिथे डॉक्टर आणि औषध मिळण्याची शक्यता वाढेल. सैनिकांसाठी शहरात स्वतंत्र इमारत बांधण्यापेक्षा हा मार्ग मला जास्त न्याय्य वाटतो.

ज्यांना पेन्शनच नाही, त्यांच्याबद्दल थोडक्यात. पासष्ट ओलांडलेल्या अशा गरजू माजी सैनिकांची आणि विधवांची मासिक मदत 1 नोव्हेंबर 2025 पासून 4,000 वरून 8,000 रुपये झाली, हे चांगलंच झालं. पण फौजेत चार वर्षांसाठीच भरती झालेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची मुदत 2026 च्या अखेरीपासून भरू लागेल. त्यांतल्या ज्यांना पुढे कायम केलं जाणार नाही, त्यांना पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. ती मुलं परत याच गावांत येणार आहेत.

जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि ग्रामसभेचा ठराव त्यांच्यापर्यंत पोचतो. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत गावातले माजी सैनिक, सैनिकांच्या विधवा आणि अग्निवीर यांची यादी करा. प्रत्येक नावापुढे जवळच्या पॉलिक्लिनिकला जाऊन यायला लागणारे तास लिहा आणि ती यादी ठरावासकट रत्नागिरीला धाडा.