नळ येईपर्यंत



व्याख्यानमालांचा आणि घरांच्या जाहिरातींचा मोसम एकच. पाडव्याला वर्तमानपत्राचं अर्धं पान, अक्षय्य तृतीयेला पूर्ण पान. जाहिरातीत आयटी कंपन्यांची हिंजवडी नेहमी पंधरा मिनिटांवर असते. कोणत्या दिवशी आणि पहाटे किती वाजता, ते छापलेलं नसतं.

माझा व्यवसाय मालमत्तेचे कागद तपासण्याचा. लोक फ्लॅट पसंत करतात, टोकन देतात आणि मग माझ्याकडे येऊन विचारतात, "कागद ठीक आहेत ना?" बहुतेकदा असतात. सातबारा, फेरफार, बिनशेतीचा (एनए) आदेश, तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च, मंजूर नकाशा, सगळं जागच्या जागी. आणि तरी दोन-तीन वर्षांनी तीच माणसं लग्नकार्यात भेटली, की घराबद्दल बोलतच नाहीत. टँकरबद्दल बोलतात. ओढ्यावरच्या पुलाबद्दल बोलतात. फाट्यावरून आत यायला लागणाऱ्या पाऊण तासाबद्दल बोलतात. यातलं काहीही माझ्या सर्च रिपोर्टमध्ये नव्हतं. म्हणून आज कागदांविषयी थोडं आणि परिसराविषयी जास्त बोलणार आहे. उदाहरणं पुण्याची घेतो, कारण ती मला पाठ आहेत.

पुणं वाढलं ते हौसेनं कमी आणि धास्तीनं जास्त. १८९७ च्या प्लेगात माणसं पेठांमधून उठून माळावरच्या झोपड्यांत गेली. त्यानंतर नदीपलीकडे मोकळ्या हवेत राहण्याची कल्पना ज्यांना परवडली त्यांच्या मनात रुजली आणि डेक्कन जिमखान्याच्या बाजूला बंगले उठले. दुसरा धक्का १२ जुलै १९६१ चा. पानशेतचं धरण फुटलं, खडकवासला फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधले वाडे मातीसारखे विरघळले. गोखलेनगर, सहकारनगर हे भाग वाढले ते या पूरग्रस्तांच्या पुनर्वसनातून. ज्यांचं सगळं वाहून गेलं त्यांनी साहजिकच नदीपासून लांबची, चढावरची जागा पाहिली. या सहकारनगराकडे मी पुन्हा येणार आहे.

त्यानंतरची वाढ मात्र धास्तीची नाही, नोकरीची आहे. आधी पिंपरी-चिंचवडचे कारखाने, मग नव्वदच्या दशकाअखेरीपासून हिंजवडी, खराडी. या वाढीची एक रीत आहे, आणि घर घेणाऱ्यानं दुसरं काही नाही तरी एवढी रीत लक्षात घ्यावी: आधी माणसं राहायला येतात, मग महापालिका येते, आणि तिच्या मागून बऱ्याच वर्षांनी पाणी येतं.

तारखाच पाहू. १९९७ साली पुणे महापालिकेची हद्द वाढली आणि बाणेर, बालेवाडी, खराडी, वडगाव शेरी ही गावं शहरात आली. बाणेर-बालेवाडीत पाण्याची एवढी ओरड झाली, की २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिथल्या नव्या बांधकामांच्या परवानग्या काही काळ रोखल्या. म्हणजे हद्दीत येऊन एकोणीस वर्षं झाली होती. खराडी-वडगाव शेरीच्या पूर्व भागाला भामा आसखेड धरणाचं पाणी मिळू लागलं ते २०२१ च्या सुरुवातीला. चोवीस वर्षं! गृहकर्ज साधारण वीस वर्षांचं असतं. नळाला पुरेसं पाणी येईपर्यंत कर्ज फिटलेलं असतं आणि मुलगा शिकायला बाहेरगावी गेलेला असतो.

आता २०१७ मध्ये आणखी अकरा गावं आली, २०२१ मध्ये तेवीस. आज पाडव्याच्या जाहिरातींत जी नावं असतात त्यातली बरीच या दोन याद्यांतली आहेत. ही गावं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. बाणेरसुद्धा तेव्हा असंच होतं आणि आज तिथला भाव ऐकून माणूस खाली बसतो. मी एवढंच म्हणतो, की हद्दीत आल्याची तारीख घ्या, तिच्यात वीस मिळवा आणि त्या साली तुमचं वय काय असेल ते पाहा. पस्तिशीतल्या जोडप्याला हा हिशेब कदाचित परवडेल. निवृत्तीच्या पैशातून साठाव्या वर्षी घर घेणाऱ्यानं हा हिशेब दोनदा करावा.

तोपर्यंतची सोय काय? कागदावर सोय असते. महापालिका पाणी देईपर्यंत मी पाणी पुरवीन, असं हमीपत्र बिल्डर परवानगी घेताना देतो. इमारत पूर्ण होते, सोसायटी नोंदवली जाते, कारभार सभासदांच्या हातात येतो आणि त्याच दिवसापासून टँकरचं बिलही त्यांच्याच हातात येतं. हमीपत्र फाईलमध्ये सुखरूप असतं. म्हणून माझी एक जुनी सवय सांगतो. तयार इमारतीत फ्लॅट घ्यायचा असेल तर सोसायटीच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या वार्षिक अहवालाची प्रत मागावी. टँकरचा खर्च त्यात वेगळ्या ओळीत असतो. तो दरवर्षी वाढतोय की घटतोय, हे त्या परिसराबद्दल कोणत्याही एजंटपेक्षा खरं सांगतं. अहवाल दाखवायला सेक्रेटरी कां-कूं करू लागले, तर तेही एक उत्तरच समजावं.

मधल्या काळात कायद्यानं एक चांगलं काम केलं. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. बिल्डरला घेतलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात, नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, विक्री चटई क्षेत्रावर करावी लागते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची तारीख, परवानग्या, खटले घरबसल्या पाहता येतात. वीस वर्षांपूर्वी यातलं एकेक पान मिळवायला आम्हाला कचेऱ्यांचे जिने झिजवावे लागत. पण रेराचा अंमल प्रकल्पाच्या सीमाभिंतीपाशी संपतो. ताबा उशिरा मिळाला तर बिल्डरकडून व्याज मागता येतं. नळ उशिरा आला तर महापालिकेकडे अर्ज करता येतो.

रस्त्यांचं तर विचारूच नका. एजंट मोबाईलवर विकास आराखडा उघडून जाडजूड रेघ दाखवतो, "साहेब, इथून चोवीस मीटरचा डीपी रोड जातो." जातो, नकाशात. पुण्याच्या १९८७ च्या आराखड्यात शहराभोवती फिरणारा एक उच्च क्षमतेचा वाहतूक मार्ग दाखवला होता. ती रेघ तेव्हा पाहिलेले तरुण आज आजोबा झाले आहेत आणि मार्ग अजून रेघच आहे. ज्या रस्त्यावरून आज बस जाते तो रस्ता. जो आराखड्यात आहे त्याचे पैसे देऊ नयेत.

हद्दसुद्धा सरळ रेषेत चालत नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं कित्येक वर्षं शहराचा कचरा सोसत आली. २०१७ साली ती महापालिकेत आली आणि मिळकतकरावरून एवढा असंतोष झाला, की २०२४ मध्ये ती पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगर परिषद केली गेली. मधल्या सात वर्षांत 'पुणे महापालिका हद्दीत' हे शब्द वाचून तिथे घर घेतलेल्याचं घर जागेवरच आहे, हद्द मात्र सरकून गेली.

येणाऱ्या पाण्याबद्दल लोक निदान विचारतात तरी. जाणाऱ्या पाण्याबद्दल कोणी विचारत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूनं आलेल्या आंबिल ओढ्यानं अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी हा भाग झोडपला. शहर आणि आसपास मिळून वीसहून अधिक माणसं गेली. आता भूगोल पाहा. ही सगळी ठिकाणं सहकारनगराला लागून आहेत. १९६१ ला नदीनं ज्यांना घालवलं त्यांच्या शेजारघरात अठ्ठावन्न वर्षांनी ओढा आला. नदी मोठी, डोळ्यांत भरणारी. तिची भीती वाटते. ओढा वर्षातले अकरा महिने गटारासारखा दिसतो. त्याच्या काठावर भिंती सरकतात, त्याच्यावर स्लॅब पडतो, पुलाखाली राडारोडा साचतो. ढगफुटी झाली की तो आपली जुनी वहिवाट मागायला येतो, आणि ती वहिवाट कोणत्याही सातबाऱ्यावर नोंदवलेली नसते.

नदीचं मात्र कागदावर आहे. जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळीच्या आत इमारत बांधू द्यायची नाही. दोन रेषांच्या मध्ये जोतं उंच ठेवून परवानगी देता येते. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. पार्किंग बुडालं, तळमजले बुडाले, लष्कराला बोलवावं लागलं. त्या दिवशी पेपरातले फोटो पाहून कितीजणांनी आपल्या इमारतीची निळी रेषा शोधली असेल, कोण जाणे. फ्लॅट घेताना ती विकास आराखड्यावर पाहता येते. त्यासाठी माझ्यासारख्याला फीसुद्धा द्यावी लागत नाही.

याच कारणानं मी लोकांना सांगतो, जमत असेल तर आधी त्याच भागात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्यानं राहा. एक मे महिना आणि एक जुलै त्यात आला पाहिजे. भाडं फुकट गेलं असं घरातली मोठी माणसं म्हणतील. पाऊण कोटीची वस्तू अर्ध्या तासात, तीही सॅम्पल फ्लॅटच्या एसीत बसून ठरवणं त्यांना फुकट वाटत नाही, याचं मला नवल वाटतं.

"मग काय, जुन्या भागातच घ्यायचं?" असं कोणी विचारेल. कोथरूड, सहकारनगर, कर्वेनगर इथे नळ आहे, बस आहे, दवाखाना आहे, भाजी आहे. पण हे भागही स्थिर नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि तीन मजली सोसायट्यांचा पुनर्विकास गल्लोगल्ली सुरू झाला. इथे एक गोष्ट आधी ओळखता येते, पण फार थोडे ओळखतात. जादा एफएसआय आणि टीडीआर, म्हणजे वाढीव बांधकामाचा हक्क, किती मिळणार हे पुढच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असतं. म्हणजे तुमच्या बाल्कनीतून आज दिसणारा बंगला आणि त्याच्या दारातलं बकुळीचं झाड किती दिवसांचे सोबती आहेत, याचा अंदाज मोजपट्टी घेऊन रस्त्यावर उभं राहिलं की येतो. रस्ता रुंद असेल तर समोर उंच इमारत येणारच, असं धरून चाला. अरुंद असेल तर प्रकाश टिकेल, पण अग्निशमनाची गाडी वळेल का तेही पाहा. आणि जमिनीखालची ड्रेनेजची वाहिनी तीन मजल्यांच्या हिशेबानं टाकलेली आहे, हे बारा मजल्यांच्या ब्रोशरमध्ये कोणी लिहीत नाही.

तरीही माझं मत विचाराल तर, ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांनी बाहेरच्या तीन खोल्यांपेक्षा आतल्या दोन खोल्या घ्याव्यात. हे मत सगळ्यांना पटत नाही. माझ्या घरातही पटलेलं नाही.

परिसर बदलतो म्हणजे माणसंही बदलतात. गावठाणात भैरवनाथाची यात्रा भरते, छबिना निघतो, आणि शेजारच्या बावीस मजल्यांवरून आवाजाची तक्रार जाते. ज्यांनी जमीन विकली तेच गावात पाहुणे होतात. याला एक वेगळं वळण हडपसरला मिळालं. तिथल्या मगर आणि इतर शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून स्वतःच कंपनी काढली आणि मगरपट्टा सिटी उभी केली. जमिनीचे मालक भागधारक झाले आणि तिथेच राहिले. हे पुण्यात फारसं पुन्हा घडलं नाही.

आणि एक गोष्ट या व्यासपीठावरून बोललीच पाहिजे. मी दीड तास 'निवडा, पाहा, मोजा' म्हणतोय. पण टांगेवाला कॉलनीतल्या माणसाला ओढ्याचा काठ आवडला म्हणून तो तिथे राहिला नव्हता; कामाच्या ठिकाणाजवळ त्याला परवडणारी तीच जागा होती. पैसे असलेल्यांनाही निवड सारखी नसते. आडनाव ऐकून, धर्म ऐकून, स्वयंपाकघरात काय शिजतं ते विचारून फ्लॅट नाकारणाऱ्या सोसायट्या याच सुसंस्कृत शहरात आहेत. एकट्या बाईला तर भाड्यानं देतानासुद्धा दहा प्रश्न. ज्या सोसायटीत घर घ्यायचं तिथे असे प्रश्न विचारले जातात का, हे ज्यांना विचारले जाणार नाहीत त्यांनीही पाहावं. तिथली मुलं कोणत्या हवेत वाढणार, हा त्याचाच भाग आहे.

सभेच्या अध्यक्षांनी दोन चिठ्ठ्या पाठवल्या आहेत. पहिली: बायकोच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते का? मिळते, पण खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तरच. नवरा-बायको दोघांची नावं घातली, की सवलत गेली. आता नाव काढून घ्यायला किती नवरे तयार होतात, ते मी कचेरीत रोज पाहतो.

दुसरी चिठ्ठी: मेट्रो होणार आहे म्हणून जास्त भाव द्यावा का? पुण्याच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं, पहिले दोन तुकडे मार्च २०२२ मध्ये धावले आणि गाडी स्वारगेटला पोचली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. धावत्या मार्गाचा भाव द्यावा. खांबांचा थोडा कमी द्यावा. फलकाचा देऊ नये. आणि स्टेशन जवळ असलं तरी तिथपर्यंत सलग पदपथ आहे का, ते रात्री आठ वाजता पायी जाऊन पाहा, जाताना घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला बरोबर न्या.