सांडपाणी आणि विजेची ठिणगी

खडकवासल्याचे पाणी पुण्याच्या नळांना येते आणि वापरून झाले की मुळा-मुठेत जाते. संगम पुलापाशी एक झालेल्या या नद्या रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतात. भीमेचे पाणी उजनीच्या धरणात साठते आणि तेच पुढे सोलापूरकर पितात. आपण मोरीत काय ओततो, याच्याशी दूरच्या कोणाच्या तरी माठाचा संबंध आहे तो असा.

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांत खरे कामकरी म्हणजे सूक्ष्म जीव. अन्नाचे कण, मैला ते खाऊन टाकतात. पण कापडाचे पुष्कळसे रंग, काही औषधांचे अंश, कीटकनाशके त्यांना पचत नाहीत. कोळशाने गाळून काढावे, तर ते विष कोळशात जाऊन बसते. जागा बदलली, इतकेच!

इथे प्लाझ्मा कामास येतो. घन, द्रव आणि वायू यांच्या पलीकडची ही चौथी अवस्था. आकाशात चमकणारी वीज म्हणजे प्लाझ्माच. पाण्यालगतच्या हवेत हजारो व्होल्टचा दाब दिला, की सुटे इलेक्ट्रॉन पाण्याच्या आणि प्राणवायूच्या रेणूंवर आदळतात. त्यातून ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल नावाचे अतिचपळ कण निर्माण होतात. हायड्रॉक्सिलचे आयुष्य सेकंदाच्या लाखाव्या भागाइतकेही नाही. पण तेवढ्यात तो रंगाचा वा औषधाचा रेणू तोडतो. काम पुरे झाले, तर मागे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडे क्षार उरतात. अर्धवट राहिले, तर तुकडेही घातक ठरू शकतात. म्हणून तपासणी हवीच.

कल्पना अगदी नवी नव्हे. 1857 साली जर्मनीत सीमेन्स यांनी विजेच्या अशाच विसर्गाने ओझोन बनवला. आपल्या पुण्यातही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पाण्याला भोवरा देऊन, त्यातले बुडबुडे फोडून हेच कण मिळवण्यावर संशोधन झाले आहे.

मग साऱ्या शहराचे पाणी असे का धुऊ नये? वीज फार लागते म्हणून. मैला खायला सूक्ष्म जीवच स्वस्त. प्लाझ्माची जागा आहे औषधांच्या कारखान्याच्या, रंगशाळेच्या, रुग्णालयाच्या दाराशी; जिथे पाणी थोडे आणि विष दाट. ते एकदा गटारात मिसळले, की थोड्याचे पुष्कळ होते आणि खर्चही तसाच वाढतो.

आणि घरातल्या उरलेल्या गोळ्या, औषधे? ती मोरीत न टाकणे, हा उपाय तर बिनविजेचा आहे.