नाकातलं वजन

बोइंगचं बोमार्क हे 1959 साली अमेरिकी हवाई दलात दाखल झालेलं, सुमारे 14 मीटर लांबीचं पंखधारी क्षेपणास्त्र. बाल्सा लाकूड आणि पुठ्ठ्याच्या नळीतून त्याची उडणारी प्रतिकृती घडवताना मापं अचूक उतरली की काम फत्ते, असं अनेकांना वाटतं. पण मूळ बोमार्क सरळ उडे ते स्वयंचालकामुळे. त्याच्या पंखांची टोकं उड्डाणात वळत आणि तोल सावरत. प्रतिकृतीत ही यंत्रणा नसते. तिचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्यबिंदूपुढे, निदान नळीच्या व्यासाइतका तरी असावा लागतो. मागे ढकललेले पंख, शेपटी आणि बुडातली मोटर यांमुळे वजन नेमकं मागे झुकतं; म्हणून नाकात शिसं किंवा माती भरावी लागते.

यावर आक्षेप येतो, की वजनाने उंची घटते, त्यापेक्षा शेपटी मोठी करावी. उंची घटते हे खरंच. मोटर त्या वजनाला पेलणारी निवडावी लागते. पण वाढवलेली शेपटी दिसते, नाकातलं शिसं दिसत नाही, आणि प्रतिकृतीचा प्रामाणिकपणा तर रूपातच असतो. गणिताने स्थिरता काढता येते, तरी पंख मोठे असले की त्यावर विसंबणं धाडसाचं. मोटर बसवून, गुरुत्वमध्याशी दोरी बांधून प्रतिकृती डोक्याभोवती गरगर फिरवा. नाक पुढे राहिलं तरच ती प्रक्षेपणदांडीवर चढवा.